कोंबडीच्या दाराची घंटा

ऑक्टोबर उजाडला की माझ्या स्वयंपाकघरात रक्त शिजायला लागतं. मक्याच्या साखरेचा घट्ट पाक, लाल रंग, आणि काळपटपणा यावा म्हणून थोडा कोको. हा उद्योग माझ्या धाकट्या भावाचा, रॉडनीचा. त्याच्या घरी चूल नाही असं नाही, पण त्याची बायको त्याला चुलीजवळ फिरकू देत नाही, आणि मोठ्या बहिणीला काय, कोणी विचारायची गरजच नसते. माझी दोन चांगली पातेली कायमची गुलाबी झाली आहेत. ओट्यावरचा चिकटपणा थेट नाताळपर्यंत जात नाही.

आमच्या क्लेपूल गावात आग लागली तर पगारी माणसं येत नाहीत. आम्हीच जातो. टायरवाला रॉडनी, शाळेचा शिपाई, डेअरीवाले, झालंच तर पाद्री. या स्वयंसेवकांच्या दलाला बंबासाठी पैसा हवा, म्हणून दर हॅलोविनला आम्ही जुन्या कोठारात भुताटकी मांडतो. तीन आठवडे, शुक्रवार-शनिवार. बाहेर रांगेतल्या लोकांना मी कोंबडी-मक्याचं सूप विकते. गेली वीस वर्षं विकते आहे आणि अजून मला त्या सुपाचा वास आवडतो, हे माझं मलाच नवल वाटतं.

कोठारात दोन भाग असतात. डावीकडचा यंदा रॉडनीचा, कारण वसंतात तो दलाचा प्रमुख झाला. उजवीकडे एकच खोली, ती माझ्या नवऱ्याची, हार्लनची. दोन्हीकडे मधेच एक छोटं दार आहे. ज्याला पुढे जाववत नाही त्याने त्या दारातून बाहेर पडायचं. घाबरटाला आमच्याकडे कोंबडी म्हणतात, म्हणून ते कोंबडीचं दार. तिथून कोणी बाहेर आलं की जुनी पितळी घंटा वाजते, त्या माणसाच्या डोक्यावर लाल तुऱ्याची लोकरी टोपी चढते, आणि त्याचा फोटो दलाच्या इमारतीत नाताळपर्यंत टांगला जातो. घंटेवर मिसेस झूक बसतात. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या, आणि अजूनही अख्ख्या गावाला वर्गात बसवल्यासारख्या बघतात. दारातून जे बाहेर येईल त्यासाठी घंटा वाजवायची, एवढंच त्यांना सांगितलं आहे. तेवढंच त्या करतात. एका वर्षी दारातून मांजर आली, तर तिच्यासाठीही वाजवली. मांजरीने टोपी घालून घेतली नाही म्हणून त्या दोन दिवस नाराज होत्या.

आता हार्लनबद्दल. जानेवारीत डेअरीच्या एका गोठ्याला आग लागली तेव्हा हार्लन बंबापाशी पाइप धरून उभा होता. माझ्या डोळ्यांदेखत तो उभ्याउभ्या बर्फात बसला. मग आडवा झाला. घशातून घुरघुर आवाज येत होता आणि ओठ निळे पडले होते. रुग्णवाहिका येईपर्यंत रॉडनीने त्याच्याशेजारी गुडघे टेकून त्याची छाती दाबली. दाबताना तो सारखा शिव्या देत होता. मला वाटतं तो देवाला देत होता. हार्लन वाचला, छातीत ठोके सांभाळणारं एक यंत्र घेऊन घरी आला, आणि डॉक्टरने सांगितलं की आगीपाशी पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

रॉडनी त्या दिवसाबद्दल एक शब्दही बोलला नव्हता. पण प्रमुख झाल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली, तर हार्लनकडे त्याचा बिल्ला परत मागितला.

बिल्ला म्हणजे नाव कोरलेला पितळेचा तुकडा. आगीत शिरण्याआधी प्रत्येक जण आपला बिल्ला बंबावरच्या फळ्याला लावतो, आणि बाहेर आला की काढून पुन्हा कोटाला अडकवतो. सगळे बाहेर आले आणि फळ्यावर एक बिल्ला उरला, तर कोणीतरी आत आहे. आमच्या लोकांना याहून मोठं भय माहीत नाही. हार्लनचा बिल्ला एकतीस वर्षांचा. कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. आजारातून उठल्यावर तो त्याने स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून ठेवला होता आणि रोज कॉफी पिताना त्याच्याकडे बघायचा.

"तू आगीवर येणार नाहीस, तर बिल्ला कशाला?" रॉडनी आमच्याच टेबलाशी बसून, माझाच केक खात म्हणाला. "दलाचा नियम आहे. ज्याच्याकडे काम नाही त्याने बिल्ला द्यायचा."

"माझी खोली आहे की कोठारात," हार्लन म्हणाला.

"तुझ्या खोलीला आता कोण भितं? जिन्याची करकर, हलणारा पडदा. पोरं आत जांभया देतात, हार्लन. रक्त लागतं आता. आतडी लागतात."

हार्लन तसा शांत माणूस. सगळा जन्म डेअऱ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे त्याचं गायींशी जमतं, माणसांशी बोलायची वेळ आली की तो कप फिरवत बसतो. पण त्या दिवशी कप खाली ठेवून तो म्हणाला की या तीन आठवड्यांत माझ्या खोलीच्या कोंबडीच्या दारातून एक माणूस जरी बाहेर पडला, एकदा जरी घंटा वाजली, तरी बिल्ला माझा. नाही वाजली तर नोव्हेंबरच्या सभेत मीच आणून देईन. रॉडनीने लगेच हात पुढे केला. दोघांनी हात मिळवले आणि मला कोणी विचारलं नाही.

विचारलं असतं तरी काय सांगणार होते? मला तो बिल्ला खिळ्यावरून गेलेला हवा होता. बिल्ला दिसला की मला बर्फ दिसायचा. आणि तो बिल्ला गेला तर माझा नवरा खिडकीशी बसून राहील, हेही मला कळत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असणाऱ्या बाईला कोणी सल्ला विचारू नये हेच बरं.

पहिल्या शुक्रवारी रॉडनीने सगळी हौस भागवून घेतली. छताला उलटी टांगलेली रबरी प्रेतं, रंगवलेल्या पाइपांची आतडी, बादल्या भरभरून माझ्या पातेल्यातलं रक्त, आणि शेवटी साखळी काढलेली करवत घेऊन स्वतः रॉडनी, चामड्याचा एप्रन घालून. मी सुपाच्या टेबलाशी कान देऊन उभी होते. किंकाळ्या काही ऐकू येईनात. चर्चा ऐकू येत होती.

त्याचं काय झालं, आमच्याकडे हरणाची शिकार सुरू होते त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. सात वर्षांच्या पोरीला विचारलं तरी ती हरीण कुठून चिरायचं ते सांगेल. लोक आत जाऊन त्या प्रेतांपुढे उभे राहिले आणि मान हलवू लागले. यकृत तिथे नसतं. टांगायचं तर असं टांगू नये, सगळं छातीत उतरतं. एका आजींनी आतड्याचा पाइप बोटांत धरून बघितला आणि शेजारणीला सांगितलं की एवढ्या जाडीत सॉसेज नीट भरलं जात नाही. रॉडनी करवत गरगरवत अंगावर धावून आला, तर एका शेतकऱ्याने त्याला थांबवलं, कान लावून ऐकलं, आणि म्हणाला की हिचा कार्बुरेटर साफ करायला झालाय. नुसतं म्हणाला नाही. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्याने तिथेच ती खुनी माणसाच्या हातातून घेतली. मागच्या गटाला दहा मिनिटं खोळंबावं लागलं. त्यात गोड वासाने गांधीलमाश्या जमल्या, आणि त्या रात्री क्लेपूलमध्ये खरी किंकाळी एकच ऐकू आली, ती रॉडनीची.

मी हसून घेतलं. पण जास्त हसता आलं नाही, कारण उजवीकडे आमच्या घरचंच हसं होत होतं.

हार्लनने यंदा खोलीत साधं स्वयंपाकघर मांडलं होतं. ओव्हनचा पिवळा दिवा, तेवढाच उजेड. टेबलावर सहा वाडगे, त्यात गरम सूप, वाफा निघताहेत. एक खुर्ची अजून जरा जरा डोलते आहे. नळातून थेंब पडतो आहे. माणूस मात्र एक नाही. म्हणजे इथे आत्ता कोणीतरी होतं, आणि सगळेच्या सगळे जेवण टाकून उठून गेले. का गेले? कशाला बघून? मला तर त्याने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. दर गटाआधी मागच्या फटीतून गरम सूप आत सरकवायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या लोकांनी काय केलं? बसले आणि जेवले.

दलाचा कार्यक्रम म्हटला की सूप आलंच, इतकी वर्षं हेच चालत आलं आहे. टेबल मांडलंय, सहा जणांचा गट आहे, सहा वाडगे आहेत. तिकिटात जेवण धरलंय असा सगळ्यांचा समज झाला. खुर्च्या ओढून बसले, प्रार्थना म्हटली, सूप संपवलं. एकाने फटीतून आत डोकावून मीठ मागितलं. शेवटच्या गटातल्या बायकांनी तर वाडगे धुऊन पालथे घालून ठेवले. हार्लन भिंतीमागे दोरी धरून बसला होता, खुर्ची डोलवायची. तिच्यावर एकशे वीस किलोचा डेअरीवाला बसला तेव्हा त्याने दोरी सोडून दिली.

घंटा डावीकडे दोनदा वाजली. फिलाडेल्फियाहून कोणाकडे पाहुणे आले होते, त्यांतल्या एकाला रक्ताच्या गोड वासाने मळमळलं, आणि दुसरा त्याला धरायला गेला. उजवीकडे एकदाही नाही. रॉडनी सुजलेला गाल घेऊन सुपाच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "लोरेटा, तुझ्या नवऱ्याने भुताचा बंगला काढला की खानावळ?"

"तुला सूप मिळणार नाही," मी म्हटलं. दिलं मग. गाल फारच सुजला होता.

दुसरा आठवडाही तसाच गेला. हार्लनने पाटी लावली की सुपाला हात लावू नये. लोकांना वाटलं सूप गरम आहे म्हणून लिहिलंय. ते फुंकर घालून जेवले.

त्या रविवारी हार्लन चर्चमधून आला तो थेट गॅरेजमध्ये गेला. संध्याकाळपर्यंत तिथून एकच आवाज येत राहिला, चुक, थांबून चुक. मी दार उघडून बघितलं तर दूध काढायच्या यंत्राचा जुना पंप, रबरी नळी, आणि माझ्या चांगल्या वाडग्यांपैकी एक, तळाला भोक पाडलेला. मी काही बोलायच्या आत त्याने बोट ओठांवर ठेवलं आणि वाडग्यात सूप ओतलं.

ते यंत्र गायीचं दूध एकदम ओढत नाही. वासरू पितं तसं, घोटाघोटाने ओढतं. वाडग्यातलं सूप हललं, एक घोट खाली गेलं. थांबलं. पुन्हा एक घोट. समोरची खुर्ची रिकामी होती आणि मी बघता बघता कोणीतरी अर्धा वाडगा संपवला.

"जेवू देत त्यांना," हार्लन म्हणाला. "सहा जण येतात ना? मी सात मांडीन."

त्या रात्री मी दिवा लावून झोपले.

शेवटच्या शनिवारी गावातलं कोणी घरी राहिलं नाही. हार्लनने बिल्ला कोटाला लावून आणला होता. आत जाताना त्याने तो कोठाराच्या दारावरच्या फळ्याला लावला, जिथे आत काम करणारे सगळे लावतात. रॉडनी तिथेच उभा होता. तो म्हणाला की हा फळा आगीवर जाणाऱ्यांचा आहे. हार्लन म्हणाला की मी इमारतीच्या आत जातोय, आणि गेला. पंपाचा आवाज कानात घुमतो म्हणून त्याने ऐकायचं यंत्र काढून माझ्या एप्रनच्या खिशात टाकलं होतं.

पहिला गट आत गेला. मी फटीपाशी. त्यांनी खुर्च्या ओढल्या, प्रार्थना झाली, चमचे वाजायला लागले. सातव्या खुर्चीवर कोणी बसलं नाही, कारण गटात सहाच जण होते. थोडा वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग एक चमचा थांबला. मग दुसरा. ओव्हनच्या पिवळ्या उजेडात सहा जण त्या सातव्या वाडग्याकडे बघत होते, आणि वाडगा जेवत होता. चुक. थांबून चुक.

आता कोणीतरी पळेल, मी मनात म्हटलं. पळो, असं वाटलं. न पळो, असंही वाटलं.

पण आमची माणसं. भीतीने पाचावर धारण बसली तरी दुसऱ्याचं जेवण होईपर्यंत टेबलावरून उठायचं नाही, ही शिस्त हाडात मुरलेली. सहाही जण सातवा वाडगा संपेपर्यंत ताठ बसून राहिले. शेवटचा घोट गेल्यावर एक बाई, पांढरीफटक पडलेली, रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "अजून वाढू का?" मग ते उठले, खुर्च्या नीट आत सरकवल्या, आणि मोठ्या दाराने एका रांगेत बाहेर पडले. बाहेर आल्यावर मात्र एकमेकांचे हात सोडेनात. एक जण गाडीपर्यंत गेला आणि किल्ली कुलपात घालता येईना म्हणून परत आला.

सगळी संध्याकाळ हेच. लोक बाहेर यायचे, दबक्या आवाजात बोलायचे, आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. डावीकडची रांग ओस पडली. रॉडनीचं एक प्रेत आपोआप खाली पडलं तरी बघायला कोणी नव्हतं. पण घंटा? लाल तुऱ्याची टोपी घालून नाताळपर्यंत भिंतीवर टांगून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. मिसेस झूक दोरी हातात धरून हार्लनच्या दाराकडे बघत बसल्या होत्या, एखाद्या मुलाने धडा येत असून हात वर करू नये तशा वैतागून.

शेवटचा गट आत जायच्या वेळी रांग इतकी होती की मी घाईत सातव्या वाडग्यातलं सूप गाळायला विसरले. एरवी मी मक्याचे दाणे काढून नुसतं पाणी द्यायचे, नळीत अडकू नये म्हणून. तो गट गेला. साडेआठ वाजले. दुसऱ्या दिवशी चर्च, म्हणून आम्ही वेळेवर बंद करतो. दिवे विझले, काम करणारी माणसं तोंडं पुसत बाहेर आली, आपापले बिल्ले काढून घेऊन सुपाकडे वळली. आणि रॉडनी फळा बघायला गेला, कारण ते प्रमुखाचं काम.

"संपलं, लोरेटा," तो जाता जाता मला म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "नाही वाजली. मी काय करू? मला पुन्हा त्याला बर्फात बघायचं नाही."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो त्या दिवसाबद्दल बोलला. मी वळले तोवर तो फळ्यापाशी पोचला होता आणि तिथेच खिळून उभा राहिला.

फळ्यावर एक बिल्ला उरला होता.

"हार्लन," रॉडनीने आत बघून हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने मारली. आतून काहीच नाही. रॉडनीने हातातला कंदील टाकला आणि अंधारात धावत सुटला. मी मागोमाग, हातात सुपाचा पळा तसाच. ऐकायचं यंत्र माझ्या खिशात आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं असतं तर मी देवाची शपथ घेऊन सांगते, एवढी धावले नसते.

खोलीत ओव्हनचा दिवा तेवढा चालू होता. सहा खुर्च्या नीट आत सरकवलेल्या. सातवी जराशी बाहेर. आणि सातव्या वाडग्यातून आवाज येत होता. आता तो घोट घेतल्याचा आवाज नव्हता. घुरघुर होती. घशात काहीतरी अडकलेल्या माणसाची असते तशी, ओली, थांबून थांबून येणारी.

तो आवाज आम्ही दोघांनी एकदाच ऐकला होता, जानेवारीत.

रॉडनीने तीन आठवडे बादल्यांनी रक्त ओतलं होतं आणि आतडी खांद्यावर टाकून शीळ घातली होती. आता एका वाडग्यापुढे त्याने भिंत धरली. मी त्या सातव्या खुर्चीवरच बसले. मग त्याला दिसलं, कपाटाखालून दोन बूट बाहेर आले होते. आडवे. हालचाल नाही.

तो ओरडला नाही. त्याने बूट धरून ओढलं, बगलेत हात घातले, माझ्या नवऱ्याला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं, आणि जे दार सगळ्यात जवळ होतं ते लाथेने उघडून बाहेर पडला.

घंटा वाजली. मिसेस झूकनी दोन्ही हातांनी वाजवली, सगळ्या संध्याकाळचा वैताग काढून.

"खाली ठेव मला," हार्लन खांद्यावरून म्हणाला. "नळी तुटली असेल. मूर्खा, खाली ठेव." त्याच्या हातात मक्याचा एक दाणा होता. तो अडकलेला दाणा काढायला तो पंप लपवलेल्या कपाटाखाली उताणा होऊन, खांद्यापर्यंत हात यंत्रात घालून पडला होता, आणि त्याला हाक ऐकू आली नव्हती.

रॉडनीने त्याला ठेवलं, पण कोट सोडला नाही. सगळं गाव सुपाचे कप हातात धरून बघत होतं. मी धावत येऊन खिशातलं यंत्र हार्लनच्या कानात कोंबलं, जरा जोरातच.

"फळ्यावर तुझा बिल्ला होता," रॉडनी म्हणाला.

"मी आत होतो," हार्लन म्हणाला. "आत असल्यावर तो फळ्यावरच असतो. त्यासाठीच असतो तो, रॉडनी. आणि तू आलास ना."

रॉडनी तिथेच ओल्या गवतात बसला आणि रडला. प्रमुख झालेला, पंचेचाळीस वर्षांचा, चामड्याचा एप्रन घातलेला माणूस. हार्लनही हळूहळू गुडघे धरत त्याच्या शेजारी बसला. माणसांशी काय बोलायचं ते त्याला अजूनही कळत नव्हतं, म्हणून त्याने तो मक्याचा दाणा रॉडनीच्या हातात दिला.

मिसेस झूक टोपी घेऊन आल्या. रॉडनीने मान वर करून बघितलं आणि म्हणाला की मी भिऊन बाहेर पडलो नाही, माणूस वाचवायला पडलो.

"दारातून आलास," त्या म्हणाल्या. "सरळ बस." आणि टोपी त्याच्या कानांपर्यंत ओढली.

मग तो उठला, तुरा हलवत फळ्यापाशी गेला आणि बिल्ला काढून आणला. हार्लनच्या कोटाला अडकवायला लागला, पण टोपी सारखी डोळ्यांवर येत होती, आकडा बसेना. शेवटी मी तो त्याच्याकडून घेतला. झिजलेला, हलका, हाताच्या उबेने गरम झालेला. हा मला नको होता, आणि तो मीच माझ्या हाताने नवऱ्याच्या छातीवर लावला, आतल्या त्या यंत्राच्या बरोबर वर, आणि आकडा दोनदा ओढून बघितला.

रॉडनीचा फोटो दलाच्या इमारतीत बंबाशेजारी, बिल्ल्यांच्या फळ्यासमोरच टांगला आहे. येता-जाता तो त्यावर हेल्मेट अडकवून ठेवतो. मिसेस झूक दर बुधवारी येऊन ते काढतात.